जनरेटरची वीज घरात आणि गोठ्यात घेताना

गोठ्यात आठ-दहा संकरित गाई आहेत, धारा काढण्याचे यंत्र बसविले आहे आणि नेमकी धारांच्या वेळी लाईट जाते, हा अनुभव आज बहुतेक दूध उत्पादकांना आहे. कुक्कुटपालन करणाऱ्यांना उन्हाळ्यात पंखे आणि फॉगर बंद पडण्याची भीती असते. वस्तीवरच्या पुष्कळ घरांना शेतीच्या वाहिनीवरूनच वीज मिळते, त्यामुळे भारनियमनाचा फटका त्यांना गावठाणापेक्षा अधिक बसतो. यावर उपाय म्हणून २ ते ५ केव्हीए क्षमतेचे, हाताने उचलून किंवा चाकांवरून नेता येणारे जनरेटर आता अनेकांनी घेतले आहेत.

जनरेटर घेताना दुकानदार इंजिन, पेट्रोलची टाकी, हमी यांविषयी सविस्तर सांगतो. त्यातील वीज घराच्या वायरिंगमध्ये कशी न्यायची, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. जनरेटरवर एक सॉकेट असते, घराच्या भिंतीतही एक सॉकेट असते. ही दोन्ही सॉकेट एका वायरीने जोडली की काम झाले, असे कोणालाही सुचते. या लेखात मुख्यतः सांगायचे आहे ते हे, की असे जोडणे प्राणघातक आहे, आणि त्याला पर्याय असलेला चेंजओव्हर स्वीच जनरेटरच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या खर्चात बसतो.

प्रस्तुत लेखक शस्यशास्त्राचा व्याख्याता आहे, विजेचा तज्ज्ञ नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण घरचेच आहे. २०१५ साली, एम.एस्सी. कृषी होऊन नुकताच नोकरीला लागलो असताना, वस्तीवर आम्ही पेट्रोलचा एक लहान जनरेटर घेतला. दुकानातून पाच मीटर वायर आणि दोन पिनटॉप मीच आणले व वायरीच्या दोन्ही टोकांना बसविले. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे ओसरीतल्या पॉवरच्या सॉकेटमध्ये. मेन स्वीच पाडायचा, जनरेटर सुरू करायचा, साऱ्या घरात उजेड. शिकलेल्या मुलाची युक्ती म्हणून शेजारच्या दोन-तीन वस्त्यांनीही ती उचलली. त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारी दिवे दिसले म्हणून आईने भिंतीतला पिनटॉप उपसून काढला. जनरेटर चालूच होता. म्हणजे तिच्या हातातल्या पिनटॉपच्या उघड्या पितळी पिनांमध्ये २३० व्होल्टची वीज होती आणि बोटे दोन्ही पिनांना लागली. झटक्याने पिनटॉप खाली पडला म्हणून निभावले. बोटांवरचे भाजल्याचे डाग आजही आहेत. त्यानंतर कृषी अभियांत्रिकीतील सहकाऱ्यांना आणि परवानाधारक वायरमनला विचारून जे शिकलो, ते येथे मांडले आहे.

दोन पिनटॉपांची वायर का नको?

पहिला धोका वर सांगितलाच. वीज ज्या बाजूने येते त्या बाजूला नेहमी छिद्रे असावीत, पिना असू नयेत, हा विजेच्या कामातला साधा नियम आहे. भिंतीतल्या सॉकेटला म्हणूनच छिद्रे असतात आणि मिक्सरच्या वायरीला पिना असतात. दोन्ही टोकांना पिनटॉप लावला की हा नियम मोडतो.

दुसरा धोका आपल्याला दिसत नाही, कारण तो आपल्या घरात नसतो, खांबावर असतो. मेन स्वीच चालू राहिला तर जनरेटरची वीज घरातून मीटरमध्ये, मीटरमधून सर्व्हिस वायरीने खांबावर आणि तेथून डीपीपर्यंत जाते. डीपी ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपल्याला देते. पण तिला खालच्या बाजूने वीज मिळाली, तर ती तेच काम उलट करते आणि वरच्या बाजूला हजारो व्होल्ट निर्माण होऊ शकतात. लाईट गेली म्हणून, तारा निर्जीव आहेत असे समजून वायरमन त्याच वेळी खांबावर चढलेला असतो. तो बहुधा आपल्याच परिसरातला, आपल्या ओळखीचा असतो.

यावर काही जण म्हणतात, की एवढासा जनरेटर साऱ्या डीपीचा भार कसा ओढणार, तो लगेच बंद पडेल. पुष्कळदा तसे होतेही. परंतु वादळात तार तुटलेली असेल किंवा दुरुस्तीसाठी डीपीचे फ्यूज काढून आपल्या बाजूचा तुकडा वेगळा केला असेल, तर त्या तुकड्यावर आपले घर आणि आणखी एखाद-दोन घरे एवढाच भार उरतो. तेवढ्यावर ३ केव्हीएचा जनरेटर निवांत चालतो आणि तार जिवंत राहते. म्हणजे ज्या तुकड्यावर वायरमन काम करीत असतो, नेमका त्याच तुकड्यावर जनरेटर बंद न पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

तिसरा धोका जनरेटरला. मेन चालू असताना खांबावरची लाईट अचानक आली, तर दोन वेगवेगळ्या लयीत चालणाऱ्या विजा एकमेकींवर आदळतात. त्यात जनरेटरचे वाइंडिंग जळते, आणि जवळ पेट्रोल असल्याने आगही लागू शकते.

“पण आम्ही मेन स्वीच न विसरता पाडतो,” हे उत्तर शेतकरी मेळाव्यात हमखास मिळते. आपण विसरणार नाही हे मान्य. मात्र आपण बाजारला गेलो असताना जनरेटर कोण सुरू करतो? पाहुणा, गडी, शाळकरी मुलगा? शिवाय अनेक जुन्या घरांत मेन म्हणून फक्त फेजच्या तारेत किटकॅट असते. ते काढले तरी न्यूट्रल जोडलेलाच राहतो. माणसाच्या आठवणीवर अवलंबून असलेली सुरक्षितता येथे चालत नाही. चूक करू म्हटले तरी करता येऊ नये, अशी व्यवस्था हवी. तोपर्यंत घरात अशी वायर असेल तर ती आजच मधोमध कापावी. नुसती गुंडाळून माळ्यावर ठेवू नये, कारण अडचणीच्या रात्री कोणीतरी ती काढतोच.

जोडणी टाळता येत असेल तर उत्तम

प्रत्येकाला घराच्या वायरिंगमध्ये वीज न्यावीच लागते असे नाही. फक्त धारांचे यंत्र आणि चार दिवे चालवायचे असतील, तर चांगल्या तीन तारांच्या वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड करून ती उपकरणे थेट जनरेटरवर लावावीत. यात घराच्या वायरिंगचा संबंधच येत नाही, त्यामुळे खांबावर वीज जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. यंत्राची पिन भिंतीतून काढायची आणि जनरेटरच्या बोर्डात लावायची, एवढेच काम. कमी खर्चाचा आणि सर्वांत सुरक्षित मार्ग हाच आहे. दिवसातून एखादा तास जनरेटर लागणाऱ्यांनी पुढचा खर्च करण्याआधी याचा जरूर विचार करावा.

चेंजओव्हर स्वीच

घर, गोठा, कोंबड्यांची शेड यांचे पक्के वायरिंग जनरेटरवर चालवायचे असेल, तर मीटरनंतर आणि घराच्या वायरिंगआधी चेंजओव्हर स्वीच बसवावा. याच्या दांड्याला तीन जागा असतात. एका बाजूला खांबावरची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये बंद. विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, तरी आपण अजून बोर्डाची लाईट म्हणतो आणि या दांड्याच्या वरच्या जागेवर वायरमन मंडळींनी खडूने ‘बोर्ड’ असेच लिहिलेले असते. रचना अशी असते, की दांडा एका वेळी एकाच बाजूला राहू शकतो आणि एका बाजूकडून दुसरीकडे जाताना मधल्या ‘बंद’ जागेवरूनच जातो. दोन्ही विजा एकत्र येणे त्यामुळे अशक्य होते. कोणी मेन पाडायला विसरला, तरी बिघडत नाही.

दोन एमसीबी शेजारी लावून ‘एक पाडायचा आणि दुसरा चढवायचा’ अशी व्यवस्था काही ठिकाणी पाहण्यात आली. तिला चेंजओव्हर म्हणता येणार नाही, कारण दोन्ही एमसीबी एकाच वेळी चढविता येतात.

सिंगल फेज मीटरसाठी दोन पोलचा, ३२ अँपिअरचा चेंजओव्हर सामान्यतः पुरेसा होतो. दोन पोल म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम बदलणारा. पैसे वाचवायचे म्हणून फक्त फेज बदलणारा एक पोलचा स्वीच घेऊ नये. न्यूट्रल तसाच जोडलेला राहिला, तर आपला जनरेटर खांबावरच्या तारेशी एका बाजूने बांधलेलाच असतो. वाटेत तो न्यूट्रल तुटलेला असेल, तर घरातील बिघाडाची वीज त्या तारेवर उतरू शकते. न्यूट्रल म्हणजे निरुपद्रवी तार, ही समजूत खेड्यापाड्यांत फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे.

थ्री फेज मीटर असलेल्या घरात खोल्या तीन फेजवर वाटलेल्या असतात. अशा ठिकाणी चार पोलचा चेंजओव्हर लागतो. जनरेटर सिंगल फेज असेल तर वायरमन जनरेटरच्या बाजूला तिन्ही फेजचे टर्मिनल एकत्र जोडून देतो. असे करता येते, परंतु मग तिन्ही फेजचा सारा प्रवाह एकट्या न्यूट्रलमधून परततो. म्हणून न्यूट्रलची तार फेजच्या तारेइतकीच जाड आहे ना, हे पाहून घ्यावे. चेंजओव्हरच्या पुढे थ्री फेज मोटर ठेवू नये. सिंगल फेज जनरेटरवर ती चालणार नाही.

जनरेटरची वीज चेंजओव्हरपर्यंत आणण्यासाठी भिंतीवर बाहेरच्या बाजूने एक पेटी बसवावी. पेटीत पिना आतल्या बाजूला असलेला निळ्या रंगाचा औद्योगिक इनलेट आणि जनरेटरकडून येणाऱ्या वायरीला छिद्रे असलेला जोडीचा भाग, अशी जोडी विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. वायर उपसली तरी वीज छिद्रांच्या आतच राहते.

अर्थिंग आणि न्यूट्रलचा जोड

हा भाग थोडा किचकट आहे, पण तो वगळला तर वरचे सारे अर्धवट राहते. अर्थिंगच्या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई आहे. गोठ्यातल्या यंत्राची हिरवी तार कूपनलिकेच्या पाइपला किंवा नळाला गुंडाळलेली असते. पुढे तोच पाइप बदलून पीव्हीसीचा बसतो आणि अर्थिंग संपते, ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. काही घरांत तर सॉकेटमधल्या अर्थिंगच्या छिद्राला आतून न्यूट्रल जोडलेला सापडतो. न्यूट्रल कोठे तुटला, की अशा घरात फ्रीजच्या अंगावर वीज येते.

जनरेटर बसविण्याच्या निमित्ताने स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ३०४३, जस्तलेपित लोखंडी पाइप किमान ३८ मि.मी. आतील व्यासाचा आणि अडीच मीटर लांब असावा, आणि तो इमारतीपासून किमान दीड मीटर दूर उभा पुरावा. भोवती मीठ आणि कोळशाचे आलटून-पालटून थर देण्याची पद्धत आहे. मुरमाड, कोरड्या जमिनीत माती विजेला चांगली वाट देत नाही. तेथे उन्हाळ्यात दर आठवड्याला तीन-चार बादल्या पाणी ओतावे. शक्य असल्यास न्हाणीचे सांडपाणी तिकडे वळवावे. काळ्या जमिनीत ओल टिकते, पण भेगा पडल्या की पाइपाभोवतीची माती सुटते, हेही लक्षात ठेवावे. जनरेटरच्या सांगाड्यावर अर्थिंगचा स्क्रू असतो. तेथून ८ नंबरची जस्तलेपित तार या पाइपाला पक्की आवळावी, नुसती गुंडाळू नये.

आता न्यूट्रलचा प्रश्न. खांबावरून येणारा न्यूट्रल डीपीजवळ जमिनीला जोडलेला असतो. म्हणून फेजची वीज यंत्राच्या अंगावर आली, तर ती जमिनीतून परत जाण्याचा मार्ग शोधते, आणि परत न आलेला हा प्रवाह ओळखून आरसीसीबी वीज तोडते. लहान जनरेटरमध्ये बहुधा दोन्ही तारा मोकळ्या असतात, कोणतीही जमिनीला जोडलेली नसते. टेस्टर लावला तर तो दोन्ही तारांवर मंद पेटतो, तो यामुळेच. अशा जनरेटरवर पहिला बिघाड झाला तरी प्रवाहाला परतीची वाट नसते, त्यामुळे आरसीसीबी पडत नाही. यंत्र चालत राहते, कोणाला काही कळत नाही. दुसऱ्या तारेवर दुसऱ्या ठिकाणी बिघाड झाला, की मग जबर शॉक बसतो. आरसीसीबीला पैसे घालूनही तो जनरेटरच्या वेळी नुसता शोभेचा राहतो.

यावर उपाय म्हणजे जनरेटरच्या बाजूला एक तार न्यूट्रल ठरवून तिचा अर्थिंगशी जोड देणे. यात तीन पथ्ये आहेत. जोड एकाच ठिकाणी द्यावा. तो आरसीसीबीच्या आधी, जनरेटरकडे असावा. घराच्या बोर्डात दिला तर आरसीसीबी उगाच पडत राहतो. आणि न्यूट्रलसह दोन्ही तारा बदलणारा चेंजओव्हर असेल तरच हा जोड द्यावा. इन्व्हर्टर पद्धतीच्या काही नव्या जनरेटरना असा जोड चालत नाही, म्हणून कंपनीची पुस्तिका आधी पाहावी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. जो वायरमन ‘जोड कशाला, चालतंय की’ म्हणेल, त्याला बदलावे, असे मी तरी म्हणेन.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा आणि तो चेंजओव्हरनंतर बसवावा, म्हणजे दोन्ही विजांच्या वेळी तो राखण करतो. गाई-म्हशींचे अंग आणि गोठ्याची जमीन ओली असते. माणसाला नुसती मुंगी चावल्यासारखी वाटणारी वीजदेखील जनावराला धारेच्या वेळी अस्वस्थ करते आणि ते पान्हा चोरते.

किती भार घालावा?

जनरेटरवरील केव्हीएच्या आकड्याला ०.८ ने गुणले की साधारणपणे किलोवॉट मिळतात. पाटीवर ‘कमाल’ आणि ‘सतत’ असे दोन आकडे असतील, तर सततचा आकडा धरावा. ३ केव्हीएचा जनरेटर २,४०० वॉट देतो, पण नेहमीचा भार १,९०० वॉटच्या आत ठेवलेला बरा.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट हे खरे, मात्र ते मोटरने दिलेले काम झाले. सिंगल फेजची लहान मोटर त्यासाठी सुमारे १,२०० वॉट ओढते. धारांच्या यंत्राची १ अश्वशक्तीची मोटर १,२००, नऊ वॉटचे दहा एलईडी दिवे ९०, दोन पंखे १५०, टीव्ही १०० आणि फ्रीज २०० असे धरले, तर बेरीज १,७४० वॉट होते. हे ३ केव्हीएत बसते.

खरी अडचण मोटर सुरू होण्याच्या क्षणी असते. चालताना ७ अँपिअर घेणारी ही मोटर सुरू होताना चार ते सहा पट, म्हणजे २८ ते ४२ अँपिअर मागते. ३ केव्हीएचा जनरेटर सतत फक्त १३ अँपिअर देऊ शकतो. क्षणभर तो दबतो, दिवे मंदावतात आणि मग सावरतो. म्हणून मोटर नेहमी सर्वांत आधी सुरू करावी, निर्वात पंपाची झडप उघडी ठेवावी आणि मोटर पूर्ण वेगाने फिरू लागल्यावर बाकीचे एकेक लावावे. दर अश्वशक्तीला ३ केव्हीए हा अंदाज सिंगल फेज मोटरसाठी धरून चालावे.

कडबाकुट्टीसाठी मात्र मोठा जनरेटर घेण्याच्या मोहात पडू नये. २ अश्वशक्तीच्या कुट्टीपायी ६ केव्हीएचा जनरेटर घ्यावा लागेल आणि बाकीच्या वेळी तो अर्ध्याहून रिकामा चालून पेट्रोल जाळेल. लहान पेट्रोल जनरेटर एका युनिटमागे साधारण अर्धा लिटर पेट्रोल घेतो. हिशेब आपणच करावा. कुट्टी लाईट असताना दोन वेळची करून ठेवता येते, धारा तशा थांबवून ठेवता येत नाहीत. जनरेटरवर काय घ्यायचे, हे याच कसोटीने ठरवावे. विहिरीवरचा ३ किंवा ५ अश्वशक्तीचा थ्री फेज पंप या जनरेटरचे काम नव्हे.

जनरेटरवर एक लहान ब्रेकर असतो. तो वारंवार पडतो म्हणून त्याला तार टाकून बगल देणारेही आहेत. ब्रेकर पडतो याचा अर्थ भार जास्त आहे, एवढाच घ्यावा.

वायर अडीच चौरस मि.मी. तांब्याची, तीन तारांची आणि जाड आवरणाची घ्यावी. जनरेटर घरापासून २० मीटर लांब असेल, तर मोटर सुरू होताना ४० अँपिअरला या वायरीत सुमारे १२ व्होल्ट खर्ची पडतात. १ चौरस मि.मी.च्या स्वस्त वायरीत तेच २९ व्होल्ट होतात आणि मोटर गुरगुरत उभी राहते. उरलेली वायर गुंडाळी करून ठेवू नये, गुंडाळीत ती तापते. जनावरांच्या आणि ट्रॅक्टरच्या वाटेवरूनही ती नेऊ नये.

जनरेटर कोठे ठेवावा?

उघड्यावर. चोरीची भीती, आवाजाचा त्रास, पावसाची सर अशा कारणांनी लोक जनरेटर ओसरीत, पंपघरात, कांद्याच्या चाळीला लागून किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात चालवितात. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते थकवा आहे, तो आडवा होतो आणि उठत नाही. दार-खिडकी उघडी ठेवणे किंवा सायलेन्सरला पाइप जोडून भिंतीबाहेर काढणे हा उपाय पुरेसा नाही, कारण असे जोड गळतात. घर व गोठ्यापासून किमान २० फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चारही बाजू उघड्या असलेल्या पत्र्याच्या छपराखाली जनरेटर ठेवावा. चोरीसाठी साखळी आणि कुलूप पुरते. पेट्रोल इंजिन विहिरीत उतरवून चालविणे तर कधीही नको. चालविल्यानंतर त्या विहिरीत माणूस उतरविणे त्याहून वाईट.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. धारा अर्ध्यावर असताना टाकी संपली, तरी दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

सुरू आणि बंद करण्याचा क्रम

चेंजओव्हरचा दांडा आधी ‘बंद’वर आणावा. तेलाची पातळी पाहून जनरेटर मोकळाच सुरू करावा आणि दोन-तीन मिनिटे चालू द्यावा. व्होल्टमीटर २२० ते २४० च्या दरम्यान स्थिर झाला, की दांडा जनरेटरच्या बाजूला न्यावा. नंतर मोटर, मग इतर. बंद करताना याच्या उलट: उपकरणे बंद करावीत, दांडा ‘बंद’वर आणावा, इंजिन दोन-तीन मिनिटे मोकळे चालवावे आणि मग थांबवावे. लाईट आली तरी घाईने दांडा ओढू नये. चार-पाच मिनिटे ती टिकते का, हे पाहावे.

इंजिनचा वेग कोणीही आपल्या मनाने वाढवू नये. ३,००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ असे गणित बांधलेले असते. दिवे मंद वाटतात म्हणून वेगाचा स्क्रू पिळला, की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही चढतात आणि टीव्ही किंवा एलईडी दिवे जातात.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तो चेंजओव्हरनंतरच राहू द्यावा. छतावर महावितरणला जोडलेले सौर पॅनेल असतील, तर जनरेटर चालू असताना सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर बंद ठेवावा. तो जनरेटरच्या विजेलाच खांबावरची वीज समजून तिच्यात आपली वीज ढकलू लागतो, आणि जनरेटरला ती परत घेता येत नाही. अशा घरांनी ही जोडणी सौर यंत्रणा बसविणाऱ्याला दाखवूनच करावी.

काम झाल्यावर वायरमन घरी असतानाच एक चाचणी करून घ्यावी. लाईट गेलेली असताना जनरेटर सुरू करावा, घर जनरेटरवर घ्यावे आणि चेंजओव्हरच्या खांबाकडील टर्मिनलवर वायरमनला मीटरने तपासायला सांगावे. तेथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही पूर्ण निर्जीव असले पाहिजेत. थोडे जरी व्होल्टेज दिसले तरी जोडणी चुकली आहे असे समजावे. मग घर जनरेटरवर असतानाच आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबावे. या बटणाने आतली यंत्रणा चालते की नाही एवढेच कळते. न्यूट्रलचा जोड बरोबर आहे का, हे त्याने कळत नाही, म्हणून वायरमनला फेज आणि अर्थिंगमध्येही मीटर लावायला सांगावा. तेथे सुमारे २३० व्होल्ट आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. आरसीसीबीचे बटण पुढे महिन्यातून एकदा आपण स्वतः दाबावे, इंजिनचे तेल पहिल्यांदा २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी बदलावे, आणि महिनाभर जनरेटर लागणार नसेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि ऐन वेळी इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होत नाही.